उजेड पाडण्याचे शास्त्र

मराठी भाषेने उजेडाशी संबंधित बरेचसे वाक्प्रचार माणसाच्या फजितीसाठी राखून ठेवले आहेत. परीक्षेत गटांगळी खाल्लेल्या मुलाने ‘उजेड पाडलेला’ असतो, मोठ्या अपेक्षेने पुण्याला धाडलेल्या आणि दोन महिन्यांत बोचक्यासह परतलेल्या पुतण्याने तिकडे ‘दिवे लावलेले’ असतात, आणि पंगतीत ऐकलेला विनोद हात धुताना कळलेल्या गृहस्थांची ‘ट्यूब पेटलेली’ असते. दिवा लावणे हीच जिथे निंदा, त्या भाषेत संसार करणारे कुटुंब घरातली अंधारी खोली उजळण्याचा संकल्प सोडते, तेव्हा त्याच्या यशाविषयीची शंका भाषेनेच आधी नोंदवून ठेवलेली असते. अशा खोलीसाठी रंग आणि दिवे कसे निवडले जातात, कसे निवडले जावेत आणि या दोहोंमध्ये एवढे अंतर का पडते, याचा विचार येथे करायचा आहे. त्यात पदार्थविज्ञानाचा वाटा किती आणि काकूंचा किती, हे मात्र दर वेळी वेगळे काढता येईलच असे नाही.

‘अंधारी खोली’ म्हणजे भर दुपारी आत शिरताना माणसाचा हात ज्या खोलीत आपोआप बटणाकडे जातो ती खोली. तिचे दोन प्रकार संभवतात: हेतुपूर्वक अंधारी आणि नाइलाजाने अंधारी. पहिल्या प्रकाराचा उत्तम नमुना म्हणजे कोकणातल्या जुन्या घराचे माजघर. अंगण, ओटी, पडवी असे टप्पे ओलांडून उजेड माजघरापर्यंत पोचायचा तो पाहुण्यासारखा पाय धुऊन, घाम पुसून आणि आवाज खाली आणून. छपराच्या उतरत्या पाख्यांचे काम पाऊस आणि ऊन बाहेर ठेवण्याचे होते, आणि उन्हाबरोबर उजेडही बाहेर राहिला याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण उष्ण प्रदेशात काळोख हा थंडाव्याचा सख्खा भाऊ मानला जातो. लोणच्याच्या बरण्या, आंब्याची आढी आणि बाळंतीण यांची सोय अशाच खोल्यांत लागे, आणि या तिघींपैकी कोणालाही प्रखर उजेड मानवत नाही यावर सर्वांचे एकमत होते. अगदीच गरज भासली तर छपरात एक काचेचे कौल बसवत. मग त्यातून उतरलेला रुपयाएवढा कवडसा सारवलेल्या जमिनीवरून दिवसभर सरकत राही आणि घरातल्या बायका त्यावरून वेळ ओळखत. गोव्यातल्या जुन्या घरांनी याहून नाजूक तोडगा काढला होता. तिथे खिडक्यांच्या लाकडी चौकटींत काचेऐवजी एका जातीच्या शिंपल्यांची पातळ, अर्धपारदर्शक कवचे बसवीत, ज्यामुळे ऊन बाहेर अडे आणि उजेड तेवढा दुधासारखा गाळून आत येई.

दुसरा प्रकार शहराने जन्माला घातला, आणि तो जन्माला येऊ नये यासाठी शहराने एके काळी केलेला प्रयत्नही नोंद घेण्याजोगा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, कोंदट आणि काळोख्या खोल्यांकडे बोट दाखवले गेले, आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, ज्याच्या चाळी आजही बी.आय.टी. चाळी म्हणून ओळखल्या जातात. या ट्रस्टने उजेडाला चक्क कोन नेमून दिला, आणि तो होता साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन याहून मोठा नसावा, असा तो नियम. साध्या हिशेबात त्याचा अर्थ असा की, समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच असू नये. आजच्या मुंबईत समोरच्या टॉवरचा माथा पाहण्यासाठी मान किती अंशांत मोडावी लागते, हे मोजायला कोनमापकापेक्षा हाडवैद्य अधिक उपयोगी पडेल. इमारतीच्या पोटातून नळ आणि सांडपाण्याचे पाइप नेण्यासाठी सोडलेल्या उभ्या पोकळीला बांधकामाच्या भाषेत ‘डक्ट’ म्हणतात, आणि अनेक शयनगृहांच्या खिडक्या या डक्टमध्ये उघडतात. तिथून खोलीत येणाऱ्या गोष्टींमध्ये कबुतरांचे घुमणे, वरच्या मजल्यावरची फोडणी आणि तळमजल्यावरचे भांडण यांचे प्रमाण प्रकाशापेक्षा पुष्कळच अधिक असते.

तरीही सगळा दोष बांधकामाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे देशभरातल्या बांधकामासाठी मार्गदर्शक ठरणारा नियमग्रंथ, असे सांगते की, उष्ण व दमट हवामानात खोलीच्या खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या किमान एक षष्ठांश असावे, आणि उष्ण व कोरड्या हवामानात एक दशांश. दहा बाय बाराची, म्हणजे १२० चौरस फुटांची खोली कोकणपट्टीत असेल, तर तिला २० चौरस फुटांची, म्हणजे पाच बाय चारची खिडकी हवी. एवढी खिडकी पुष्कळ घरांना मिळतेही. खरी गुंतागुंत ती मिळाल्यानंतर सुरू होते. चोरांपासून आणि कबुतरांपासून संरक्षण म्हणून खिडकीला बाहेरच्या बाजूने पिंजऱ्यासारखी जाळी बसवली जाते, जिला बोलीत ‘बॉक्स ग्रिल’ म्हणतात, आणि ज्या क्षणी तिला तळ असतो त्या क्षणी ती खिडकी राहत नाही, तिचा माळा होतो. या माळ्यावर प्रथम तुळस येते, कारण तिला ऊन हवे असते. तुळशीला सोबत म्हणून कोरफड येते. मग फरशीच्या कामातून उरलेल्या सात टाइल्स, मागच्या रंगकामातला वाळून दगड झालेला रंगाचा डबा, धाकट्याच्या पायाला आता न पुरणारी तीनचाकी आणि शेवटी एक चाक मोडलेली सुटकेस येते, जिच्या आत दुसरी सुटकेस असते. खिडकीच्या वरच्या भागात वातानुकूलन यंत्र बसते आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी प्लायवुडने बंद केल्या जातात. खालच्या भागात पायपुसणी वाळत असतात. आणि एवढ्यातूनही जो सहा-सात चौरस फुटांचा उजेड चिकाटीने आत येतो, त्याच्यापुढे समोरच्यांना आतले दिसू नये म्हणून पडदा ओढला जातो. यानंतर कुटुंब खोलीच्या मधोमध उभे राहते आणि ही खोली मेली मुळातच अंधारी आहे, त्यामुळे तिला पांढरा रंग द्यायला हवा, या निष्कर्षाप्रत येते.

पांढऱ्या रंगावरील ही श्रद्धा समजून घेण्यासाठी ‘प्रकाश परावर्तन मूल्य’ ही संकल्पना समजून घ्यावी लागते. एखादा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के परत फेकतो, हे सांगणारा तो आकडा असून चांगल्या पांढऱ्या रंगाचे हे मूल्य ८५च्या आसपास, तर काळ्याचे ५च्या आसपास असते. म्हणजे पांढरी भिंत ही प्रामाणिक कारकुनासारखी असते: वरून आलेल्या निधीतला थोडा कार्यालयीन खर्चात दाखवून बाकीचा ती इमानाने पुढे पाठवते, परंतु वरून निधीच आला नाही, तर तिच्या प्रामाणिकपणाचे करायचे काय, हा प्रश्न उरतोच. हा निधी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, तिथून छतावर आणि छतावरून जमिनीवर असा फिरत राहतो, त्यामुळे खोलीच्या सगळ्या पृष्ठभागांचे सरासरी परावर्तन ५० टक्के असेल तर कागदावरच्या बंद खोलीत मूळ उजेडाची दुप्पट होते, आणि तेच ८० टक्के असेल तर पाचपट. हे गणित ऐकून पांढऱ्याच्या बाजूने मतदान करण्याचा मोह होतो. पण शून्याला दोनाने गुणले काय किंवा पाचाने, हाती काय लागते हे तिसरीतल्या मुलालाही ठाऊक असते, आणि सरासरी काढताना गडद पलंगपोस, शिसवी कपाट व तपकिरी फरशी यांनाही हिशेबात धरावे लागते, हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते.

अपुऱ्या उजेडात पांढरी भिंत पांढरी दिसत नाही, ती राखाडी दिसते, कारण तिच्याजवळ स्वतःची अशी रंगाची पुंजी नसते. कोपऱ्यातली सावली जशी असेल तशी ती निमूटपणे अंगावर घेते. जुन्या लोकांना हे माहीत होते. पिवळसर पडणारा चुना अधिक पांढरा भासावा म्हणून ते त्यात चिमूटभर नीळ मिसळत, आणि नीळ किती घालायची याचे प्रमाण ठरलेले नसल्यामुळे प्रत्यक्षात पुष्कळ घरे पांढरी न होता आकाशी होत, व मग आकाशीच हवा होता असे पाहुण्यांना सांगितले जाई. निळसर छटेने पिवळेपणा मारण्याचा हा उपाय उघड्या अंगणात कपड्यांना शोभतो. डक्टवरच्या खोलीत मात्र आधीच निळसर असलेल्या उजेडात तो आणखी थंडी भरतो. म्हणून अशा खोलीत शुद्ध पांढऱ्यापेक्षा दुधी, हस्तिदंती, मोतिया किंवा फिकट बदामी असा किंचित उबेकडे झुकणारा रंग भिंतींना आणि पांढरा फक्त छताला, ही विभागणी जास्त हिताची ठरते, कारण छत हा खोलीतला एकमेव पृष्ठभाग असा असतो की, ज्यावर कोणी कॅलेंडर लावत नाही, खिळा ठोकत नाही आणि तेलकट डोके टेकत नाही.

येथे परदेशी सल्ल्याबाबत सावधगिरीचा इशारा द्यायला हवा. उत्तरेकडे तोंड असलेल्या खोलीत सूर्य कधीच येत नाही, असे ब्रिटनमधल्या सजावटीच्या पुस्तकांत ठामपणे लिहिलेले असते, आणि त्या बेटावर ते बहुतांशी खरेही आहे. मुंबई मात्र सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सैद्धांतिकदृष्ट्या उत्तरेच्या खिडकीला त्याचे दर्शन घडू शकते. निसर्गाने ही सवलत जाहीर करताना मधल्या काळात मोसमी पावसाची योजना करून ठेवली आहे, ही बाब सरकारी सवलतींच्या परंपरेला धरूनच आहे.

रंगाची छटा ठरवण्याची सभा हा या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग होय. मराठीने रंगांची नावे घेताना चित्रकाराकडे क्वचित आणि मंडईकडे वारंवार धाव घेतली आहे: वांगी, डाळिंबी, आमसुली, अंजिरी, पिस्ता, लिंबू, हळदी, चटणी आणि खास सणासुदीला श्रीखंडी. या शब्दांचा फायदा असा की, ‘आमसुली’ म्हटल्यावर घरातल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू येते आणि काहींच्या तोंडाला पाणीही सुटते. उलट रंगांच्या नमुन्यांच्या पुस्तिकेत, म्हणजे शेडकार्डात, पहाटेची चाहूल किंवा वाळूतले गुपित अशा अर्थाची इंग्रजी नावे असतात, ज्यांवरून भिंत कशी दिसेल यापेक्षा नाव ठेवणाऱ्याची मनःस्थिती कशी होती याचाच बोध अधिक होतो. त्यामुळे सभेत प्रथम भाषांतराचे काम चालते. वाळूतल्या गुपिताचे रूपांतर ‘आपल्या त्या जुन्या कपबशीसारखा’ असे झाल्याशिवाय आजी मत देत नाहीत, आणि आजींनी मत दिल्यावर बाकीच्यांच्या मताला फारसे कारण उरत नाही.

शेडकार्डावरचा ठिपका काड्यापेटीपेक्षा लहान असतो आणि त्यावरून शे-दोनशे चौरस फुटांचा निर्णय घ्यायचा असतो, हे वधूच्या कानातल्या कुडीवरून लग्न ठरवण्यासारखे आहे. तोच रंग मोठ्या क्षेत्रावर पसरला की अधिक गडद आणि अधिक आग्रही भासतो, शिवाय समोरासमोरच्या दोन भिंती एकमेकींवर रंग फेकून तो आणखी घट्ट करतात. म्हणून ठिपक्यात आवडलेल्या छटेच्या एक-दोन पायऱ्या फिकट छटा निवडावी, आणि तिचा दोन बाय दोन फुटांचा चौकोन खिडकीच्या शेजारच्या व खिडकीसमोरच्या अशा दोन्ही भिंतींवर रंगवून तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावा, असे शास्त्र सांगते. व्यवहारात रंगारी घोड्यावर, म्हणजे त्याच्या दुहेरी शिडीवर चढून बसलेला असतो, रोजंदारी चालू असते, आणि “एकदा सुकला की बरोबर दिसेल” हे त्याचे वाक्य कोणत्याही शास्त्रापेक्षा अधिक निर्णायक ठरते. या वाक्याचे सामर्थ्य असे की, ते आतापर्यंत कोणालाही खोटे ठरवता आलेले नाही, कारण रंग सुकेपर्यंत रंगारी दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

एका भिंतीला भडक रंग देऊन बाकीच्या तीन फिक्या ठेवण्याची पद्धत हल्ली रूढ झाली असून, ही भिंत बहुधा लाल किंवा मरून असावी असा तरुण पिढीचा आग्रह असतो. येथे यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाचे स्मरण करणे उचित ठरेल. उजेड मंदावत गेला की डोळ्यांची संवेदना लाल टोकाकडून निळ्या-हिरव्या टोकाकडे सरकते, आणि त्यामुळे लाल वस्तू लवकर काळवंडतात, हे त्याने १८२५ साली मांडले. त्याची प्रचीती घेण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. तिन्हीसांजेला परसातली जास्वंद पाहिली तरी पुरे, कारण दिवसा पानांहून कितीतरी ठळक दिसणारे फूल त्या वेळी पानांच्या आधी काळे पडते. जे फुलाचे तेच भिंतीचे. डक्टवरच्या खोलीतली मरून भिंत दिवा लावण्यापूर्वी संध्याकाळी काळीच दिसणार, आणि तिच्यासाठी मोजलेली जादा रक्कम दिवसाचे काही तास उगाचच खर्ची पडणार. भडक भिंत हवीच असेल तर ती खिडकीसमोर असावी, जिथे उजेड थेट पोचतो. खिडकी असलेल्या भिंतीवर ती नसावी, कारण त्या भिंतीकडे पाहताना डोळे खिडकीने दिपलेले असतात आणि शेजारचा कोणताही गडद रंग भोकासारखा दिसतो.

चकाकीच्या बाबतीतही असाच गैरसमज आढळतो. ऑइलपेंट चमकतो, चमक म्हणजे उजेड, तेव्हा खोली ऑइलपेंटने उजळेल, हे तर्कशास्त्र वरकरणी बिनतोड आहे. प्रत्यक्षात चकचकीत भिंत उजेड पसरवत नाही, ती दिव्याचे प्रतिबिंब दाखवते, आणि त्याच्या साहाय्याने गवंड्याने भिंतीच्या पोटात दडवलेला प्रत्येक उंचवटा सह्याद्रीच्या नकाशासारखा स्पष्ट करते. मॅट, म्हणजे चमक नसलेला रंग उजेड सर्व दिशांना सारखा विखुरतो आणि गवंड्याची अब्रूही झाकतो. पुसता येण्याची सोय हवी असेल तर दोहोंमधला मंद चकाकीचा रंग पुरेसा होतो.

भिंतींचा प्रश्न मिटला की दिव्यांचा तंटा उभा राहतो. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विन या एककात मोजतात, जे लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञाच्या नावावरून आले आहे. लोहाराच्या भट्टीतले लोखंड तापताना आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे होत जाते, आणि त्याच चालीवर कल्पिलेल्या आदर्श तप्त वस्तूच्या तापमानावरून दिव्याची छटा सांगतात: २७०० केल्विन म्हणजे जुन्या बल्बचा पिवळा उजेड, ४००० म्हणजे मधला, आणि ६५०० म्हणजे ट्यूबचा निळसर पांढरा. गंमत अशी की, आकडा जितका मोठा, म्हणजे तापमान जितके अधिक, तितका उजेड ‘थंड’ म्हणवला जातो. कचेरीत ज्यांनी वरिष्ठ अधिकारी पाहिले आहेत त्यांना हे समजायला अवघड जाऊ नये.

या आकड्यांवरून घराघरांत पिढ्यांचा जो संघर्ष चालतो, त्याचे मूळ भौतिकशास्त्रात नसून सामाजिक इतिहासात आहे. ज्या पिढीने वाशाला लोंबकळणारा, व्होल्टेज उतरले की कांद्याच्या सालीच्या रंगाचा होणारा बल्ब पाहिला, तिच्या लेखी पिवळा उजेड म्हणजे टंचाई आणि ट्यूबचा पांढरा उजेड म्हणजे बढती. तिच्या नातवंडांनी मात्र पिवळा उजेड प्रथम पाहिला तो महागड्या हॉटेलात, जिथे मेनूकार्ड वाचण्यासाठी मोबाइलची बॅटरी लावावी लागते आणि बिलात त्या गैरसोयीचे पैसे धरलेले असतात. त्यामुळे एकाच खोलीत आजोबांना ६५०० आणि नातसुनेला ३००० केल्विन हवे असते. आरी क्रायटहॉफ या डच शास्त्रज्ञाने १९४१ साली एक आलेख मांडून असे सुचवले होते की, मंद उजेड पिवळसर असला तर सुखद वाटतो आणि भरपूर उजेड पांढरा असला तर. पुढच्या प्रयोगांनी या आलेखाला भरभक्कम दुजोरा दिलेला नाही. तरीपण मंद पांढऱ्या उजेडात खोली इस्पितळासारखी दिसते, ही काकूंची स्वतंत्रपणे केलेली नोंद त्याच्याशी जुळते. बैठकीच्या आणि झोपण्याच्या खोलीत २७०० ते ३०००, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४०००, ही तडजोड दोन्ही पिढ्यांना सारखीच नापसंत असल्यामुळे न्याय्य मानायला हरकत नाही.

उजेड किती, हे वॅटने नव्हे तर ल्युमेनने मोजतात. वॅट हा दिव्याचा खुराक आहे आणि ल्युमेन हे त्याचे काम. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ७०० ल्युमेन उजेड देई, तर २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर घरोघरी पोचलेल्या एलईडी दिव्यांपैकी ९ वॅटचा दिवा ९००च्या आसपास देतो. खुराक आणि काम यांचा संबंध नसतो हे शिकवणारा याहून जुना गुरू म्हणजे ‘झिरोचा बल्ब’, जो नावाने शून्य वॅटचा, पण प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट खाणारा असून, वर्षानुवर्षे रात्रभर जळत आपण काही खातच नाही असा समज त्याने टिकवून ठेवला. घराच्या वीजबिलावर देखरेख करणारे आजोबा जो ९ वॅटचा दिवा रिकाम्या खोलीत दिसताच मालवतात, तो रोज पाच तास जळला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही, आणि दीड टनाचे वातानुकूलन यंत्र तेवढे तास-दीड तासात सहज संपवते. परंतु यंत्राची थंड हवा आजोबांच्याही अंगावर येत असल्याने त्याचा हिशेब वेगळ्या वहीत होतो.

एका खोलीला एक दिवा हा नियम कोणी केला हे सांगता येत नाही, पण तो मोडण्यातच अंधाऱ्या खोलीची मुक्ती आहे. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन उजेड पडला की त्याला एक लक्स म्हणतात. भर उन्हात बाहेर लाखभर लक्स असतात, वाचायला सुमारे ३०० पुरतात, आणि वर उल्लेखिलेल्या १२० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटरच्या खोलीत ९०० ल्युमेनचा एकुलता दिवा लावला, तर भिंतींनी काहीच गिळले नाही असे धरूनही जमिनीवर ८० लक्सच येतात. त्यावर उपाय म्हणजे छताला आणखी दिवे टांगणे नव्हे. दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. त्यामुळे छतावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा पुस्तकाजवळचा छोटा दिवा कमी खर्चात अधिक काम करतो, आणि भिंतीवर उजेड टाकणारा दिवा खोलीला वास्तवापेक्षा मोठी भासवतो, कारण डोळे खोलीचे आकारमान जमिनीवरून कमी आणि भिंतींवरून जास्त जोखतात. एक दिवा वर, एक डोळ्यांच्या पातळीवर आणि एक बैठकीच्या उंचीवर अशी त्रिस्तरीय मांडणी म्हणूनच सुचवली जाते. जुन्या वाड्यांत छताची हंडी, भिंतीतल्या दिवळीतला दिवा आणि देवापुढची समई यांनी हेच केले होते, फक्त त्यासाठी कोणी सल्ल्याची फी घेतली नव्हती.

प्रत्यक्षात ट्यूबची जागा ठरते ती वायर जिथवर पोचते तिथे. स्वयंपाकघरात ती हमखास ओट्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या बाईच्या पाठीमागे असते, त्यामुळे विळीपासून पोळपाटापर्यंत सर्व क्रिया तिच्याच सावलीत पार पडतात आणि डाळीतला खडा दातांनाच शोधावा लागतो. वरच्या कपाटाच्या बुडाला लावलेली हातभर लांबीची एलईडी पट्टी हा प्रश्न कायमचा सोडवते. बैठकीच्या खोलीत दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर येतो, आणि मग पंखा सुरू होताच संपूर्ण कुटुंब जुन्या मूकपटातल्यासारखे लुकलुकू लागते. आरसा लावून उजेड वाढतो हे खरे असले, तरी आरसा जे समोर असेल तेच दुप्पट करतो; तो खिडकीसमोर किंवा तिच्या शेजारच्या भिंतीवर असला तर खिडकी दुप्पट होते, आणि कपाटासमोर असला तर कपाट.

एक कसोटी मात्र मराठी स्त्रियांनी कोणत्याही प्रमाणपत्राची वाट न पाहता आधीच आत्मसात केली आहे. दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे सांगणाऱ्या निर्देशांकाला वर्णदर्शन निर्देशांक म्हणता येईल. तो कमाल १०० असतो, घरातल्या दिव्याचा किमान ८० आणि कपडे निवडण्याच्या जागी ९०च्या वर असावा. साडीच्या दुकानात दुकानदार कितीही दिवे लावो, चोखंदळ गिऱ्हाईक साडी हातावर टाकून थेट दारात जाते आणि बाहेरच्या उजेडात पदर पाहते, कारण ट्यूबखालची चिंतामणी साडी रस्त्यावर मोरपंखी निघू शकते. साडीसाठी एवढी दक्षता घेणारे तेच गिऱ्हाईक भिंतीचा रंग मात्र दुकानातल्या ट्यूबखाली शेडकार्डावर बोट ठेवून पसंत करते, जरी साडी वर्षातून चारदा नेसायची असते आणि भिंत सात वर्षे पाहायची असते.

आता या सर्व शास्त्राच्या वर असलेल्या एका निरीक्षणाकडे वळायला हवे. रंगकाम संपल्याच्या दिवशी अंधारी खोली खरोखरच उजळलेली असते, याबद्दल दुमत आढळत नाही. शेजारच्या वहिनीही दारातून डोकावून तशी कबुली देतात. मात्र त्या दिवशी खोलीत कोणकोणते बदल झालेले असतात याची यादी केली, तर असे दिसते की, कपाट मधे ओढलेले आहे, पडदे धुवायला टाकले आहेत, कॅलेंडरे उतरली आहेत, खिडकीच्या काचा रंगाचे शिंतोडे पुसण्याच्या निमित्ताने सात वर्षांनी धुतल्या गेल्या आहेत, आणि ग्रिललाही दोन हात मारायचे म्हणून रंगाऱ्याने तिच्यातली तुळस, टाइल्स, तीनचाकी आणि सुटकेस जिन्यात काढून ठेवली आहे. एकाच वेळी इतक्या गोष्टी बदलल्या असताना यशाचे सारे श्रेय हस्तिदंती रंगाला देणे कोणत्याही प्रयोगशाळेत मान्य झाले नसते. घरात ते एकमताने मान्य होते.

पुढच्या आठवड्यात पडदे वाळून येतात. कपाट भिंतीला टेकते. सोसायटीच्या सचिवांनी जिना मोकळा करण्याविषयी दोनदा सांगितल्यावर तुळस प्रथम आणि टाइल्स नंतर आपापल्या जागी परततात, या कामातून उरलेला हस्तिदंती रंगाचा पाव डबा मागच्या डब्याशेजारी बसतो, आणि सुटकेस, तिच्या पोटातल्या सुटकेससह, तात्पुरती म्हणून खिडकीत जाते. महिन्याभराने एखाद्या दुपारी आत शिरणाऱ्या माणसाचा हात पुन्हा बटणाकडे वळतो, आणि काकू हॉलमधूनच सुनावतात की, दहा हजार रुपये घेऊन त्या रंगाऱ्याने काय उजेड पाडला, ते दिसतेच आहे.